छान झालं

आमच्या मंडळात मी आठ वर्षं बसतो आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मी कुणालाही, अगदी एकदाही, काय चुकलं ते सांगितलं नाही. “छान झालं” म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा. हे मी भिडेपोटी करत होतो असं नाही. तेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटायचं आणि त्यासाठी मी दोन-तीनदा भांडलोही होतो. आज मला ते चूक वाटतं. नुसतं चूक नाही, माझ्या त्या गप्प बसण्याने एका व्यक्तीचं नुकसान झालं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आम्ही सात जण आहोत, सांगलीतले. एक दातांचे डॉक्टर, एक हळदीचे व्यापारी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम, बासरी वाजवणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा, आमचे पेटीवाले आणि मी. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचो. गाण्यावर पोट कुणाचंच नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही विश्रामबागेत डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जमतो. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकाने आपलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवायचं, सगळ्यांनी ते घरी ऐकायचं आणि रविवारी एकत्र बसून पुन्हा ऐकायचं, बोलायचं. पद्धत एवढीच.

मंडळ सुरू करताना डॉक्टरांना वाटत होतं की आपण एकमेकांना खरं खरं सांगू. मला ते पटलं नव्हतं. माझे गुरुजी म्हणायचे, गाणं दाखवायचं ते गुरूला, लोकांना नुसतं ऐकवायचं. चूक काढण्याचा अधिकार एकाच माणसाला, बाकीच्यांनी दाद द्यावी नाहीतर गप्प बसावं. रेकॉर्डिंगबद्दलही माझं मत असंच पक्कं होतं. भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज कुठेच ऐकायला मिळत नाही. अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं गाणं तबकडीवर येऊ दिलं नाही. तरी त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आमच्यापर्यंत पोचलीच ना, असं मी म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, कुमारजी लहानपणी तबकड्या ऐकून ऐकून गात होते, भीमसेनजींना गदगमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने वेड लावलं, त्याचं काय? मी म्हणायचो, ती थोरांची तबकडी होती. आपण आपलीच तबकडी काढून एकमेकांना वाटतोय, यात शिकायचं काय आहे?

माझी आणखी एक बाजू होती आणि ती आजही मला पोकळ वाटत नाही. हौशी माणसाचं गाणं फार नाजूक असतं. दिवसभराच्या नोकरीतून, घरातल्या दुखण्याबाण्यातून अर्धा तास काढून तो तंबोरा लावतो. त्याला कुणी एक शब्द कमीजास्त बोललं तर तो तंबोरा गवसणीत जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही. माझ्या एका जुन्या मित्राचं असं झालेलं मी पाहिलं आहे. एका घरगुती बैठकीत कुणीतरी त्याला म्हणालं, “अहो, हा भूप नाही, देशकार झाला.” त्याने त्या रात्री पेटी बंद केली ती कायमची. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. गांधारावर भर दिला की भूप, धैवतावर दिला की देशकार. माझा मित्र धैवतावर रेंगाळत होता हे खरंच होतं. पण ते ज्या सुरात सांगितलं गेलं, तो सूर मी विसरलो नाही. आपल्या तोंडून असं काही जायला नको, एवढंच मी ठरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमचे पेटीवाले महिनाभर लेकीकडे पुण्याला गेले. त्या महिन्यात मी मारवा घरीच, नुसत्या तंबोऱ्यावर, फोनमध्ये भरला. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर कानाला लावून ऐकायला बसलो.

मारव्यात षड्ज सहज मिळत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात गाणं फिरत राहतं आणि ऐकणाऱ्याला षड्जाची तहान लागते. तो येतो तेव्हा नेमका यावा लागतो. सातव्या मिनिटाला मी तार षड्जावर गेलो आणि तो षड्ज खाली होता. थोडासाच, पण खाली. आमच्याकडे त्याला कणसूर म्हणतात; बेसूर म्हणण्याइतकं ते ढळढळीत नसतं, पण लागल्यासारखंही वाटत नाही. मी पुन्हा ऐकलं. आठव्या मिनिटाला पुन्हा गेलो होतो, तिथेही खाली. शेवटी एकदा लांब थांबलो होतो, तिथे सुरुवातीला बरा आणि दम संपत येईल तसा घसरत गेलेला.

पहिल्यांदा मी दोष फोनला दिला. फोन गाण्याचं पुष्कळ वाटोळं करतो हे खरं आहे. बोलणं स्पष्ट यावं म्हणून तो भोवतालचा आवाज गाळतो आणि तंबोऱ्याचा अखंड नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा येतो, जातो, बुडतो. हळू गायलं की फोन आवाज वर चढवतो, खुला लावला की दाबतो. सगळं एका उंचीवर आणून ठेवतो. जवारीतली ती बारीक चमक पाठवता पाठवता निघून जाते. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो तो वेगळ्या कारणाने. एरवी आपण तो हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि हाडांतून येणारा भरदारपणा रेकॉर्डिंगमध्ये नसतो. हे सगळं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. पण फोन षड्ज खाली आणत नाही. तसं असतं तर तंबोऱ्याचा षड्जही खाली आला असता. तो जागच्या जागी होता.

मग मी जुनी रेकॉर्डिंगं काढली. पेटीच्या साथीने भरलेली चौदा सापडली. प्रत्येकात तार षड्जाची जागा शोधून ऐकली. सगळीकडे षड्ज भरलेला, सुंदर. पण आता मी पेटीकडे कान देऊन ऐकत होतो. मी तार षड्जाकडे निघालो की पेटी माझ्या आधी तिथे पोचलेली असायची. भाता जोरात चालायचा, वरचा षड्ज मोठा व्हायचा आणि मी त्याच्या सावलीत उभा राहायचो. चौदाच्या चौदा वेळा.

पेटीवाले परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. “गाणाऱ्याला सांभाळायचं हेच साथीदाराचं काम, सर,” म्हणाले. “चार-पाच वर्षं झाली असतील. वयाने होतं तसं.” मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते गप्प बसले. मग म्हणाले, “तुम्ही तरी कुठे कुणाला सांगता?”

त्या महिन्यात मी मारवा पाठवला नाही. पेटी असलेला जुना यमन पाठवला. रविवारी सगळे म्हणाले, छान झालं. मॅडम म्हणाल्या, टपाल खात्यातले काका म्हणाले, डॉक्टरही म्हणाले. माझाच शब्द सहा जणांच्या तोंडून मला परत मिळत होता आणि त्याला काहीही अर्थ नव्हता. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं, मला कळायला मार्गच नव्हता.

आता ती वही. शाळेत तीस वर्षं लाल शाईने वह्या तपासल्या, ती सवय हातातून जात नाही. मंडळात आल्यापासून मी प्रत्येकाचं रेकॉर्डिंग घरी ऐकताना दोनशे पानी वहीत नोंदी करायचो. मिनिट, सेकंद आणि काय झालं ते. “३.२०, मींड तुटली.” “६.०५, समेला उशीर.” “४.४८, शुद्ध मध्यम, विचारायला हवं.” सहा वर्षांत दोन वह्या भरल्या होत्या. बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मी स्वतःला सांगायचो की हे माझे कान तयार करण्यासाठी आहे. रविवारी वही घरी आणि तोंडात “छान झालं”.

मॅडम तेव्हा संगीताच्या एका मोठ्या परीक्षेची तयारी करत होत्या. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कॉलेज आणि घर सांभाळून. त्यांनी मला वेगळं गाठून दोनदा विचारलं होतं, “काका, खरं सांगा, द्रुत कसं वाटतं?” दोन्ही वेळा मी म्हणालो, छान वाटतं. त्यांची लय पळायची. द्रुत तीनताल सुरू व्हायचा तेव्हा ठीक असायचा, पण तानांत शिरल्या की आवर्तनागणिक तो चढत जायचा. तबल्याला त्यांचाच एक विद्यार्थी. तो बिचारा बाईंना मागे कसा खेचणार? तोही बरोबर पळायचा. घड्याळ लावून मोजलेले आकडे माझ्या वहीत होते. सुरुवातीचं आवर्तन आठ सेकंदांचं, शेवटचं सहाचं. एकदा नव्हे, निदान नऊ-दहा नोंदींत.

परीक्षा झाल्यानंतरच्या रविवारी त्यांनी शांतपणे सांगितलं की निकाल मनासारखा लागणार नाही. तानांच्या मध्येच परीक्षकांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, “तुमची लय पळते, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही का?” त्या म्हणाल्या, “मी म्हटलं, नाही.” एवढं सांगून त्या पुढच्या रेकॉर्डिंगकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं होतं हे त्यांना आठवत होतं की नाही, माहीत नाही. मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही वह्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या नोंदींची पानं दुमडून ठेवली होती. त्या उभ्यानेच वाचत राहिल्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, त्यांनी गॅस बंद केला आणि पुन्हा वाचत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “हे सगळं तुम्हाला ऐकू येत होतं?”

मी हो म्हणालो.

“आणि तुम्ही छान म्हणत होतात.”

मी पुन्हा हो म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. वही ठेवून घेऊ का, एवढंच त्यांनी विचारलं.

तोपर्यंत मी स्वतःला हळवा, दुसऱ्याचं मन जपणारा माणूस समजत होतो. त्या संध्याकाळी घरी चालत येताना माझ्या लक्षात आलं की मी मॅडमना गाणारी बाई म्हणून मोजलंच नव्हतं. हौस आहे, करू दे बिचारीला, असं कुठेतरी आत होतं. त्यांना लय सुधारायची आहे, त्या सुधारू शकतात, हे मी धरलंच नव्हतं. पेटीवाल्यांनी माझ्याबाबतीत हेच केलं होतं. “वयाने होतं तसं.” त्यांनी मला सांभाळलं आणि सांभाळता सांभाळता माझ्याकडून अपेक्षाच सोडून दिली.

पुढच्या महिन्यात मी मारवा पाठवला, एकही जागा न पुसता. रविवारी बोलायला मीच सुरुवात केली आणि षड्ज खाली आहे हे सांगितलं. मग बांध फुटल्यासारखं झालं. हळदवाले म्हणाले, वर जाताना तुमचा जबडा आवळतो, समोरून दिसतं. बासरीवाला मुलगा, वय वर्षं वीस, घाबरत घाबरत म्हणाला, “सर, पट्टी उतरवून बघितलीत का?” मी तिसाव्या वर्षापासून पांढरी दोनमध्ये गातो. गुरुजींची पट्टी तीच. ती सोडायची कल्पना माझ्या मनात कधी आली नव्हती. काळी एक म्हणजे फक्त अर्ध्या स्वराने खाली, पण मला ते गुरुजींचं घर सोडण्यासारखं वाटलं. तीन आठवडे लागले. तंबोऱ्याच्या तारा उतरवताना डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

चूक दाखवायला गुरूच लागतो असं नाही, हे सांगलीच्या माणसाला आधीच समजायला हवं होतं. आमच्याच गावचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुरांच्या मोजमापाला लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे सूर त्यांनी यंत्रावर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, होऊ देत. एक पेशाने गवई नसलेला माणूस गवयाच्या सुराला कान लावतो, काय ऐकू आलं ते लिहितो आणि गवई त्याला गाऊन दाखवतो, हे इथे घडलं आहे. वामनराव देशपांडे हिशेबतपासनीस होते. मोगूबाईंसारख्यांकडे बसून शिकले, मैफली गाजवल्या नाहीत. पण १९६१ सालच्या त्यांच्या ‘घरंदाज गायकी’शिवाय घराण्यांबद्दल बोलणं आजही पुरं होत नाही. तुमचा अधिकार काय, हा माझा जुना प्रश्न मी या दोघांना विचारला असता का?

आता रविवारी आम्ही वेगळ्या रीतीने बसतो. रेकॉर्डिंग तीनदा ऐकल्याशिवाय बोलायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना आपल्याला आवडनिवड कळते, गाणं कळत नाही. बोलायचं ते जागेवर बोट ठेवून. “एकंदरीत रंगलं नाही” हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. त्या जागी काय करायचं होतं ते आधी गाणाऱ्याला विचारायचं, कारण निम्म्या वेळा आपण ज्याला चूक म्हणतो ती त्याने मुद्दाम केलेली असते. आणि जागा सापडली की ती तिथल्या तिथे पुन्हा गायची. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. टपाल खात्यातले काका विलंबित एकतालात मुखडा उचलायला नेहमी उशीर करायचे. एका रविवारी सगळ्यांनी मिळून हातावर मात्रा मोजल्या, काकांनी सहा वेळा मुखडा उचलला आणि सातव्या वेळी ते असे अलगद समेवर आले की तबला नसतानाही सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. चाळीस वर्षांची खोड अशी एका सकाळी जात नाही, पण ती कुठे आहे हे त्यांना कळलं.

फोनही आता नीट वापरतो. पंखा बंद, खिडकी लावलेली, फोन हातभर अंतरावर उशीवर, तंबोरा त्याच्या जवळ आणि गाणारा थोडा मागे. आवाज गाळण्याची सोय बंद करायची आणि फाईल जशीच्या तशी पाठवायची, बोलका निरोप म्हणून नाही. एवढ्यानेही फरक पडतो.

एका गोष्टीवर माझं आणि डॉक्टरांचं अजून पटत नाही. नवा माणूस आला की पहिले तीन महिने त्याला काही सांगू नये, असं माझं म्हणणं आहे. त्याला आधी आमची गाणी ऐकू देत, आमच्या चुका ऐकू देत, आम्ही त्या कशा घेतो ते बघू दे. डॉक्टर म्हणतात, म्हणजे तीन महिने पुन्हा खोटं बोलायचं. मी म्हणतो, गप्प बसणं आणि छान म्हणणं यांत फरक आहे. माझा तो भूप गाणारा मित्र गेल्या वर्षी वारला. त्याच्या पेटीवरची खोळ मी त्याच्या घरी पाहिली आहे. या बाबतीत मी मागे हटणार नाही.

मॅडमनी परवा केदार पाठवला. लय तसूभर पळत नाही. मी मोजलं, पहिलं आवर्तन आणि शेवटचं आवर्तन सारखं. पण ती इतकी घट्ट धरली आहे की पाच मिनिटं चाळीस सेकंदांवरची तान लाकडासारखी येते, तिच्यात झोका नाही. मी त्यांना तसं कळवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, शनिवारी येते, समोर बसून गाते. त्याखाली माझ्या मारव्याबद्दल दोन ओळी होत्या. तार षड्ज आता लागतो आहे, पण तुम्ही तिथे थांबत नाही, काका; लागला की लगेच निघून येता, जणू कुणी पकडेल.

मी परत लावून ऐकलं. खरं आहे, अडीच सेकंदांच्या वर एकदाही थांबलेलो नाही. उद्या पहाटे रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आधी पुन्हा भरतो.